वेणूबाईंचं वेखंड

नारायण पेठेत कुणाच्या घरी सुनेला दिवस गेले की सासू दोन ठिकाणी नाव घालून ठेवायची, दवाखान्यात आणि वेणूबाईंकडे. दवाखाना ऐन वेळी बदलला तरी चालायचा. वेणूबाई दुसऱ्या घरी अडकल्या तर मात्र घरात तोंडं पडायची.

वेणूबाई मूळच्या विदर्भातल्या, रिसोडकडच्या. नवरा नागोराव हडपसरच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा त्याच्या मागोमाग पुण्यात आल्या आणि पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत एका खोलीत राहिल्या. लेकरू न्हाऊ घालायचं काम त्या सासूकडून शिकल्या होत्या, आणि तेलही सासूचंच होतं. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंडाचे तुकडे आणायचे, ठेचायचे, तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवायचे. तुकडा मोडून नाकाशी धरल्याशिवाय त्या तो घेत नसत. दुकानदार वैतागायचा. म्हणायचा, "बाई, वेखंड आहे, अत्तर नाही."

सकाळी एकापाठोपाठ एक घरं असायची. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, पायांवर बाळ पालथं घ्यायचं, पाठीवरून तेलाचा हात फिरवायचा. टाळू भरायची, ऊन पाणी घालायचं, धुरी द्यायची. रडणारं पोर त्यांच्या पायांवर आलं की थोड्या वेळानं नुसतं हुंकारायचं. बाळाचं पोट धरलं असेल तर सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे उगाळून बोटानं चाटवायचं. हे त्यांना कुणी चूक म्हटलं नव्हतं. कोणत्याच घरात म्हटलं नव्हतं, कारण त्या घरांतल्या आज्याही तेच करत आल्या होत्या.

मंदाकिनीबाईंचं घर त्यातलंच एक. त्या शाळेत गणित शिकवायच्या, बोलणं मोजकं आणि टोकदार. त्यांची मुलगी पूर्वा जन्मली तेव्हा वेणूबाई स्वतः तरुण होत्या. पूर्वाला त्यांनी न्हाऊ घातलं, पुढे तिच्या मुंजीच्या वयाच्या भावालाही शेंबूड पुसून शाळेच्या रिक्षात बसवलं. काम संपलं तरी येणंजाणं राहिलं. नागोराव गेला तेव्हा वस्तीतल्या त्या खोलीत नारायण पेठेतून आलेल्या एकट्या मंदाकिनीबाईच होत्या. जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. वेणूबाई ते विसरल्या नव्हत्या.

पूर्वा शिकली, कंपनीत लागली, रोहनशी लग्न झालं आणि बाणेरच्या एका उंच इमारतीत राहायला गेली. तिला मुलगी झाली, सृष्टी. पूर्वानं आईला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला दुसरी कुणी नको. वेणूमावशीच हव्यात."

वेणूबाई आता थकल्या होत्या. गुडघे बोलायला लागले होते. तरी दोन बस बदलून त्या बाणेरला जायला लागल्या. सृष्टीला पायांवर घेतलं की त्यांना पूर्वाच आठवायची. तेच रुंद कपाळ, तीच रडताना खालचा ओठ काढायची सवय. त्या इमारतीत बाळं पुष्कळ होती आणि आज्या बहुतेक दूरच्या गावी. बघता बघता वेणूबाईंना तिथेच पाच-सहा घरं मिळाली.

पूर्वाची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि तिला कंपनीत परत जायचं नव्हतं. एक दिवस तिनं सृष्टीला पुसता पुसता विचारलं, "मावशी, तुमचं तेल आपण बाटलीत भरून विकलं तर?"

"कोण घेईन माय?"

"सगळे घेतील. फक्त लॅबमधून टेस्ट करून घ्यायला पाहिजे. काय काय फायदे आहेत ते प्रूव्ह झालं की झालं. नाव तुमचंच देऊ. वेणूआजी."

वेणूबाई हसल्या. पूर्वानं त्यांचा फोटो काढू का म्हणून विचारलं, त्या म्हणाल्या, "काढ की." पदर सारखा करून, सृष्टीला मांडीवर घेऊन त्या बसल्या. फोटो खरंच छान आला. सगळ्या सुरकुत्या हसत होत्या.

मंदाकिनीबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्ध्या पेठेची मुलं न्हाऊन मोठी झाली. आता पुरावा पाहिजे म्हणे. बरंय, आम्ही विनापुराव्याचे जगलो."

प्रयोगशाळा पौड रस्त्याला होती, खासगी, दोन मजली. पूर्वानं वेणूबाईंना सोबत नेलं, कारण वेखंड त्यांच्याच हातचं निवडलेलं हवं होतं आणि तिला व्हिडिओही करायचा होता. तिथल्या रसायनतज्ज्ञ वल्लरी मॅडम चाळिशीच्या, शांत. त्यांनी वेणूबाईंना खुर्ची दिली आणि काय करणार ते नीट समजावून सांगितलं. वेखंडाला जो वास असतो तो त्याच्यातल्या एका तेलाचा. ते वाफेवर वेगळं काढायचं. मग ते जंतूंवर काय करतं ते बघायचं, आणि त्यात कोणकोणते घटक आहेत ते यंत्रावर तपासायचं.

काचेच्या पात्रातून वाफ नळीत चढली, गार झाली आणि पाण्यावर पिवळसर तेलाचा थर साचायला लागला. अवघी खोली वासानं भरली. वेणूबाई पुढे वाकून बघत राहिल्या. इतकी वर्षं हातांना, लुगड्याला, उशीला येणारा तो वास कुठे राहतो हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

पुढच्या फेरीला वल्लरी मॅडमनी एक चपटी काचेची बशी उजेडात धरली. बशीभर जंतूंचा धुरकट थर वाढला होता. जिथे तेलाचा थेंब टाकला होता तिथे मात्र भोवती स्वच्छ गोल पडला होता.

"इथे जंतू वाढले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तेलानं वाढू दिले नाहीत."

"माह्या तेलानं?"

"तुमच्या वेखंडातून काढलेल्या तेलानं. कढवलेल्या तेलात ते फार पातळ होतं."

मॅडमचं दुसरं वाक्य पूर्वाच्या व्हिडिओत आलं नाही. त्या बशीचा आणि वेणूबाईंच्या चेहऱ्याचा व्हिडिओ तिनं इमारतीतल्या आयांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो कुठे कुठे गेला. वस्तीत तेजसनं, वेणूबाईंच्या मुलानं, तो शेजाऱ्यांना दाखवला. तेजसची बायको नम्रता हिंजवडीला एका ऑफिसात हाउसकीपिंगला होती. तिच्या सुपरवायझरनंही तो पाहिला होता. "तुझी सासू तर फेमस झाली," असं ती म्हणाली, हे नम्रतानं घरी येऊन सांगितलं. वेणूबाई त्या दिवशी उगीचच दोनदा चहा करून प्यायल्या.

मग काही आठवड्यांनी पूर्वाचा फोन आला. "मावशी, थोडे दिवस येऊ नका. सृष्टीला सर्दी आहे."

सर्दी बरी झाली असेल असं वाटून वेणूबाईंनी फोन केला, तर पूर्वा कामात होती. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या घरानं सांगितलं की आम्ही गावाला चाललोय. तिसऱ्या घरानं नुसतंच "नको आता" म्हटलं. चौथ्या घरी वेणूबाई नेहमीप्रमाणे गेल्या. बाळंतीण दारातच उभी राहिली. पोरगी भली होती, तिला खोटं बोलता येईना.

"आजी, तुम्हाला माहीत नाहीये का?" तिनं फोन पुढे केला. "हे पूर्वानंच टाकलंय."

वेणूबाईंना मोठी अक्षरं वाचता यायची. तिनं बारीक अक्षरंही वाचून दाखवली. पिढ्यान् पिढ्या ज्या तेलानं आपल्या बाळांना मालिश होत आली ते आम्ही प्रयोगशाळेत तपासलं, असं त्यात लिहिलं होतं. त्यात जे सापडलं त्यानं आम्हीही हादरलो. वेखंडाच्या तेलात एक घातक घटक असतो, ज्यानं उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या. तुमच्या घरी येणारी मालिशवाली कोणतं तेल वापरते, तिला कधी विचारलंत? म्हणून आम्ही आणलं आहे वेखंडमुक्त, तपासलेलं, सुरक्षित तेल.

खाली बाटलीचं चित्र होतं. बाटलीवर वेणूबाई, मांडीवर सृष्टी. वर नाव, वेणूआजी. त्याखाली एक ओळ, आजीची माया, विज्ञानाची खात्री.

"हे तर मीच आहो," वेणूबाई म्हणाल्या.

"हो," ती पोरगी म्हणाली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि तिनं मागे वळून पाहिलं. "आजी, राग मानू नका. पहिलं बाळ आहे माझं. भीती वाटते."

वेणूबाई तिथून निघाल्या त्या थेट नारायण पेठेत गेल्या. मंदाकिनीबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पण नेहमीसारखं बस म्हटलं नाही.

"वहिनी, पूर्वानं हे काहून केलं? मले एका शब्दानं सांगितलं असतं तर मीच बंद केलं असतं."

"धंदा आहे तो, वेणू. त्यात असं चालतं. लोकांना आधी घाबरवल्याशिवाय बाटली खपत नाही." मंदाकिनीबाई हे कोरडेपणानं बोलल्या, आणि क्षणभर वेणूबाईंना वाटलं की वहिनी आपल्या बाजूच्या आहेत. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू पूर्वाला रोज चाटवायचीस ना?"

"पोट दुखलं की. तुमीच सहाण काढून ठेवत होत्या."

"मी काढून ठेवायची, कारण तू सांगायचीस." मंदाकिनीबाईंनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "लहानपणापासून तिच्या पोटाचं काही ना काही चालूच आहे. किती डॉक्टर केले आम्ही. कुणाला कारण सापडलं नाही. आता मला विचार येणारच ना?"

नागोराव गेला त्या दिवशी ही बाई आपल्या जमिनीवर बसली होती, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या जिना उतरून खाली आल्या. मागून दार लागलं, जोरात नाही, पण लागलं.

घरं जायची ती गेलीच. बाणेरची आधी, मग पेठेतलीही, कारण फोन पेठेतही होते. वेणूबाईंना रिकामं बसण्याचा त्रास होताच, पण दुसरीच एक गोष्ट त्यांना खात होती. ती कुणाशी बोलण्यासारखी नव्हती. शेवटी त्या एकट्याच पौड रस्त्याला गेल्या आणि खाली बाकावर बसून राहिल्या. वल्लरी मॅडम जेवायला बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी ओळखलं.

"आजी, तुम्ही? वर चला."

"वर नको जी. इथंच सांगा. ते उंदरायचं खरं आहे?"

मॅडम बाकावर शेजारी बसल्या. "खरं आहे. ते आमच्या इथे केलेलं नाही, फार पूर्वी परदेशात केलेलं आहे. उंदरांना ते तेल खूप दिवस खायला घातलं, तेव्हा गाठी झाल्या. त्या घटकाचं प्रमाण आपल्याकडच्या वेखंडात जास्त असतं. तुमच्या वेखंडात ते जास्तच निघालं. काही देशांत ते खाण्याच्या पदार्थांत घालू देत नाहीत."

"म्या कोणाले खाऊ नाही घातलं. अंगाले लावलं."

"अंगाला थोडं लावल्यानं काय होतं हे नीट कुणी तपासलेलंच नाही. तुमच्या कढवलेल्या तेलात ते थोडंच उतरतं. मी अहवालात तसं लिहिलं होतं. जंतूंचंही लिहिलं होतं, हेही लिहिलं होतं. पैसे देणाऱ्याला अहवाल मिळतो. त्यातलं काय बाहेर सांगायचं ते तो ठरवतो." "पण वेखंड चाटवत असाल तर ते बंद करा, आजी. ते मात्र मी तुम्हाला स्पष्ट सांगते."

"बंदच आहे. आता चाटवायले लेकरू कुठं आहे."

रस्त्यावरून बस गेली, धूळ उडाली. वेणूबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि धूळ बसल्यावरही तसाच ठेवला.

"मॅडम, माझं पहिलं पोरगं गावाकडंच गेलं. अंगावर पीत होतं. पोट फुगायचं, मग झटके यायचे. सासू म्हणे चाटव, मी चाटवत होती. रोज. त्याले बरं वाटावं म्हणून जरा जास्तच."

वल्लरी मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "आजी, लहान मुलं त्या काळी किती कारणांनी जायची. त्यानंच गेला असं कुणालाही म्हणता येणार नाही."

"त्यानं नाही गेला, असं म्हणता येते का?"

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्या म्हणाल्या, "नाही. तेही म्हणता येत नाही."

"मले वाटलं, तुमच्या मशिनीले समजत असन."

"यंत्राला तेलात काय आहे तेवढंच कळतं."

वेणूबाईंनी मान हलवली. मॅडमनी जेवता का म्हणून विचारलं, त्या नको म्हणाल्या. मॅडम त्यांना रस्ता ओलांडून देईपर्यंत सोबत आल्या. वेणूबाईंना त्यांचा राग आला नाही. या सगळ्यात खरं बोललेलं माणूस तेच एक होतं, आणि त्याच्याच बोलण्यानं त्यांची झोप गेली.

घरी आल्यावर त्यांनी उरलेलं वेखंड पोत्यासकट कचऱ्याच्या गाडीत टाकलं. कढवायची कढई घासून घासून पांढरी केली. तरी वास गेला नाही, म्हणून तीही भंगारात दिली. तेजस म्हणाला, "आई, आपण त्यांच्यावर केस करू. फोटो तुझा आहे." वेणूबाई म्हणाल्या, "केस करून काय मिळन? मी एकदा तिलेच विचारतो."

पूर्वाच्या इमारतीत आता रखवालदार त्यांना वर सोडेना. फोनवर परवानगी आली पाहिजे म्हणाला. बऱ्याच वेळानं पूर्वाच खाली आली. ऑफिससारखे कपडे, कानात फोनचं बोंडूक.

"मावशी, अहो, कळवायचं ना येण्याआधी."

"माझा फोटो काढून टाक, पूर्वा."

पूर्वा ओशाळली, हे खरं. तिनं कानातलं काढलं. "मावशी, लेबलं छापून झालीत. ब्रँड रजिस्टर झालाय. पुढच्या वेळी डिझाइन बदललं की बघू. आणि तुमचं नाव मी कुठे वाईट केलंय? उलट तुमचा चेहरा घराघरांत गेलाय."

"चेहरा गेला, पण मले कोणी घरात घेत नाही."

"मी तुमचं नाव घेऊन काहीच लिहिलेलं नाही."

"घ्याची गरज नव्हती. इथं तेल लावणारी मी एकटीच होती."

पूर्वाला एकदम काही आठवल्यासारखं झालं. "पॅकिंगला बायका लागतात आम्हाला. बसून काम आहे. तुम्हाला बघू का तिथे? तुमच्यासाठी मी नक्की बोलेन."

वेणूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ तेच होतं. त्यांनी विचारलं, "तुझं पोट कसं आहे आता?"

"पोट? ठीक आहे. का?"

"काही नाही. आईले सांग."

त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या. पूर्वानं त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली होती. वेणूबाई तिच्यात बसल्या नाहीत. रिक्षावाला थोडा वेळ त्यांच्या शेजारून हळू हळू येत राहिला आणि मग वैतागून निघून गेला.

फोटो निघाला नाही. बाटली चांगली चालली. नंतर तिच्यात बदाम आलं, केशर आलं, मोठी बाटली आली. वेणूबाई शनिवार पेठेतल्या एका खाणावळीत पोळ्या लाटायला लागल्या. तिथे जेवणारी मुलं बहुतेक त्यांच्याच भागातली, विदर्भातून शिकायला आलेली. ती त्यांना आजी म्हणायची. बाळांचा विषय तिथे निघत नसे. एकदा मालकिणीनं विचारलं, "तुम्ही पूर्वी मालिश करायचा म्हणे?" वेणूबाई म्हणाल्या, "दुसरी कोणी असन."

वर्षभरानं नम्रताला मुलगा झाला. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा खोली झाडून पुसून ठेवलेली होती, पाणी तापलेलं होतं. नम्रतानं बाळाला सासूपुढे धरलं.

"आई, घ्या. मला भीती वाटते हो याला पाणी घालायला. तुमच्या हातानं होऊ दे."

"तुमचं तुमी पाहा."

"तेल नका लावू. नुसतं पाणी घाला. मी कुठे काही म्हणतेय? माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"म्हणून सांगतो. माझ्या हातानं नको."

नम्रताला वाटलं सासू रुसली आहे. तिनं तेजसला मधे घातलं. तेजस चिडला, मग विनवण्या करायला लागला, मग त्यानं नाद सोडला. वेणूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं नाही असं नाही. दुपटं बदलायच्या, झोळी हलवायच्या, रडलं की खांद्याला लावून वस्तीच्या बोळातून फिरवून आणायच्या. पण उघड्या अंगाचं बाळ पायांवर घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. बारशाला आलेल्या बायकांनी नवल केलं. "अख्ख्या पुण्याची पोरं न्हाऊ घातली आणि घरचं नाही?" त्यावर त्या भांडी विसळायला उठून गेल्या.

मग नम्रतानं फोनवर व्हिडिओ लावून शिकायचं ठरवलं. मोरीत प्लास्टिकचा टब ठेवला, फोन खिडकीत उभा केला. त्यातली बाई हिंदीत सांगत होती, मान अशी धरा, पाणी असं ओता. बाळ साबणानं निसटत होतं आणि जिवाच्या आकांतानं किंचाळत होतं.

वेणूबाई दाराबाहेरच्या नळावर तेजसचे कपडे धूत होत्या. आतून एकदा "आई" अशी हाक आली. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजात शर्टाची कॉलर घासत राहिल्या.